दीर्घायुष्याची जोखीम

"चौथ्या कलमाला अडलात म्हणे?" उपसचिवांनी मान वर न करता विचारलं.

"अडलो," मास्तर म्हणाले.

मास्तर म्हणजे खात्याचे अनुवादक. आल्यागेल्याचं शुद्धलेखन सुधारायची खोड होती, म्हणून सगळी कचेरी त्यांना मास्तर म्हणायची. त्यांच्या हातात आदेशाचा मसुदा होता. पेन्शन सुधारण्यासाठी सरकारने सल्लागार आयोग नेमला होता. पाच वाजता मंत्री तो आदेश वाचून दाखवणार होते, आणि इंग्रजीवरून केलेला अनुवाद बरोबर असल्याची सही मास्तरांची लागत होती. साडेतीन वाजून गेले होते.

"यात म्हटलंय, आयोगाने दीर्घायुष्याच्या जोखमीचा अभ्यास करावा. कुणाची जोखीम?"

"तो शब्द तसाच आहे, मास्तर. सगळीकडे तोच वापरतात. माणसं अंदाजापेक्षा जास्त जगतात, मग पेन्शन जास्त वर्षं द्यावी लागते. ती जोखीम."

"म्हणजे सरकारची."

"अर्थात."

"आयोगाचे अध्यक्ष चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तेही पेन्शनवर. अभ्यासाला त्यांच्यापासूनच सुरुवात करायची का?"

साहेब हसले नाहीत. मास्तरांनी पेन काढलं, ते दोन शब्द खोडले, वर बारीक अक्षरात काही लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

साहेबांनी मोठ्याने वाचलं. "'माणसे ठरल्यापेक्षा जास्त जगल्यामुळे सरकारचे होणारे नुकसान.' अहो, डोकं ठिकाणावर आहे का? उद्या बोंबाबोंब होईल."

"अर्थ चुकलाय का?"

"अर्थ नाही हो चुकला!"

"मग राहू द्या."

साहेबांनी चष्मा काढला. आवाज खाली आणला. "मास्तर, वहिनी गेल्यापासून तुमचं लक्ष नाही, हे मला कळतं. पण घरचं दुःख कचेरीत आणू नका."

"मी कुठे आणलं? तुम्ही काढलंत. आणि काढलंच आहे तर ऐका." मास्तरांचा आवाज चढला होता. "ती पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात रात्रपाळ्या करून निवृत्त झाली आणि अकराव्या दिवशी गेली. आमच्या घरातून सरकारला काही जोखीम झालेली नाही, साहेब. तशी नोंद करून घ्या."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणाले, "हे बघा, शब्द सामान्य माणसाला कळला म्हणजे झालं. कुणालाही विचारा. आपल्या शिपाईबाईंनासुद्धा कळेल."

तेवढ्यात शिपाईबाई चहाचे दोन कप घेऊन आत आल्या.

"या, बाई! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ताच तुमचं नाव काढलं." साहेबांनी मूळचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. "दीर्घायुष्याची जोखीम. काय कळलं, सांगा बरं."

बाईंनी कप ठेवले. ओले हात पुसले. परीक्षा असल्यासारखा विचार केला.

"म्हातारपणी माणूस एकटं पडतं, त्याचं का? आमची आई शहाऐंशी वर्षांची आहे. वडिलांच्या मागे तिला पेन्शन मिळते, त्यावर तिचं भागतं. पण दिवसभर घरी एकटी. न्हाणीत पाय घसरला तर कोण उचलणार? इथे माझा जीव टांगणीला असतो. ती जोखीम, होय ना?" त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं हो. सरकारला सुचलं तरी."

साहेब खुर्चीत मागे टेकले. "बघितलंत, मास्तर? कळलं."

"उलटं कळलं."

"असू दे. त्यांना बरं वाटतंय ना? लोकांना बरं वाटतंय तर वाटू द्या की. तुमचं काय जातंय?" त्यांनी मसुद्याची स्वच्छ प्रत काढून मास्तरांपुढे ठेवली. त्यावर जुनाच शब्द होता. मग टेबलाच्या कोपऱ्यातल्या ढिगातून एक पिवळी फाईल ओढली. मास्तर महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्याच निवृत्तीची ती फाईल. दोन महिने सहीवाचून पडली होती. "तुम्ही इथे सही करा. हातासरशी मीही तुमची फाईल मोकळी करतो."

मास्तरांनी फाईलकडे पाहिलं. मग आनंदलेल्या बाईंकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.

"मी या शब्दाखाली सही करणार नाही. फाईल ठेवा तुमच्याकडेच."

"मास्तर, पस्तावाल."

"एकटा जीव आहे, साहेब. पस्तावायला तरी पूर्वीसारखं घर कुठे राहिलंय?" ते बाईंकडे वळले. "बाई, त्यात तुमच्या आईच्या पडण्याचं काही नाही. आई जितकी जास्त जगेल तितकं सरकारचं नुकसान, असा त्याचा अर्थ आहे. त्यावर उपाय काढायला सात माणसं बसवली आहेत."

"काहीतरीच काय सांगताय त्यांना!" साहेब म्हणाले.

"मग खोटं आहे, असं सांगा."

साहेबांनी चहाचा कप जवळ ओढला.

बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. कचेरीत नवा नियम आला की त्या जशा विचारून घ्यायच्या, सुट्टी किती, अर्ज कुणाकडे, तशाच सुरात त्यांनी विचारलं,

"मग किती जगलेलं चालेल, साहेब?"

साहेबांनी नकळत मास्तरांपुढचा आदेश उचलून उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.