बिबळ्याचं नख

ब्याण्णव सालची गोष्ट. आखातातल्या जनाबियातल्या व्हिलात व्हिटकर साहेबांनी आपल्या आजोबांची शिकारीची रायफल सुतारकाम करणाऱ्या रहिमतुल्लासमोर ठेवली. दर गोळीला बोल्ट हाताने मागे ओढायची जुनी बंदूक, पण हल्लीचे हौशी शिकारीही तिच्यावर जीव टाकत. "दस्त्याला पॉलिश कर, पण त्या बारा खाचांना हात लावू नकोस," साहेब म्हणाले. "एक शिकार, एक खाच."

रहिमतुल्ला खेडचा. साहेबांचे आजोबा एकेकाळी तिकडेच अंमलदार होते, हे कळल्यापासून त्याला साहेब घरचेच वाटत. त्याचा आजा त्या अंमलदाराच्याच शिकारीत हाक्याला, रान उठवायला गेला आणि बिबळ्याने त्याला मारलं. गोऱ्या साहेबाने म्हणे त्याच दिवशी त्या बिबळ्याला लोळवलं आणि त्याचं नख घरी पाठवलं. चांदीत मढवलेलं ते नख आता रहिमतुल्लाच्या गळ्यात होतं. काम झालं की साहेबांना ते कौतुकाने दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं.

भिंतीवर मात्र अकराच मुंडकी होती.

"बारावं कुठंय, साहेब?"

"ती खाच जनावराची नाही," साहेब हसले. "एक हाकेवाला मध्ये आला. आजोबा प्रामाणिक, त्यांनी तोही मोजला. घरच्यांना बिबळ्याने मारलं म्हणून कळवलं, वर एक नखही पाठवलं. लोक खूश!"


रहिमतुल्लाने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि बारावी खाच तेलाने पुसून लख्ख केली.