आतली शिवण

हूक काही लागेना. शिंपीबुवा आरशासमोर पोट आत ओढून उभे होते आणि विजार दाद देत नव्हती.

"ही मी स्वतः शिवलीय. माझं माप कधी चुकत नाही."

"माप कशाला चुकेल? पोट वाढलंय," बायको चहा गाळता गाळता म्हणाली. पाठ फिरवूनच म्हणाली, कारण हसू आवरत नव्हतं. कालच दुपारी तिने त्या विजारीची मागची शिवण उसवून करंगळीभर आत घेतली होती.

दुसरा इलाजच उरला नव्हता. थोरल्या दिरांचा पाय साखरेने गेला होता, आता तीच साखर शिंपीबुवांच्या रक्तात निघाली होती, आणि त्यांची मशीन पायाने चालवायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गोड बंद, रोज चालायचं, नाहीतर सुया टोचून घ्याव्या लागतील. "शिंप्याला सुईची भीती घालता?" असं म्हणून बुवा हसत हसत बाहेर पडले ते थेट मिठाईच्या दुकानात. जाता जाता डॉक्टरीणबाई तिलाही म्हणाल्या होत्या, "बाई, चार पावलं तुम्हीही चाला. गुडघे कुरकुरतायत ते वजनानेच." तिने ते कानाआड केलं. दुखणेकरी नवरा होता, ती थोडीच.

बुवांचा विश्वास फक्त कापडावर. माणूस खोटं बोलेल, कापड बोलणार नाही, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. म्हणून तिने कापडालाच खोटं बोलायला लावलं.

युक्ती लागू पडली. बुवा पहाटे फिरायला निघू लागले. वाट मिठाईवाल्यावरून जाते म्हणून तीही राखणीला सोबत निघाली. आधी कोपऱ्यापर्यंत, मग नदीपर्यंत, मग पूल ओलांडून. लग्नानंतर इतक्या गप्पा त्यांनी कधी मारल्या नव्हत्या. विजार जरा सैल पडली की ती पुन्हा शिवण आत घेई. बुवा उसासा टाकत आणि दुकानात इस्त्रीला कपडे नेताना तिचेही गठ्ठ्यात घालत.

एक मात्र तिला कळेना. तिचे स्वतःचे ब्लाउज काखेत काचू लागले होते. यांच्या वाटचं गोड मीच संपवलं, दुसरं काय, असं मनाशी म्हणत तिने दुपारची बिस्किटं गुपचूप सोडली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा कागद पुन्हा पुन्हा पाहिला. साखर आटोक्यात होती. वजनही चांगलंच उतरलं होतं.

"काटा बिघडलाय तुमचा," बुवा गंभीरपणे म्हणाले. "माझी विजार तर आवळतच चाललीय."

"काटा ठीक आहे. बाई, तुम्हीही उभ्या राहा बघू." त्या काट्याकडे वाकल्या. "तुम्ही तर यांच्यावर ताण केलीत. गुडघे काय म्हणतात?"

गुडघे कधीपासून गप्प होते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

घरी येताना पुलावर तिला राहवेना. "अहो, एक सांगू? विजार मी आत घेत होते."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुझा टाका डावीकडे कलतो, लग्न झाल्यापासून. केवढं शिकवलं, सरळ म्हणून पडला नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"डोळ्यांना दिसत नाही म्हणून सुई माझ्याकडून ओवून घेतेस, आणि माझ्यासाठी चोरून शिवण घालत बसतेस. म्हटलं, एवढं करतेय तर चालून टाकावं." बुवा कठड्यावर हात ठेवून नदीकडे बघत राहिले. मिशीत हसत होते. "शिवाय कल्पना चांगली होती तुझी. वाया कशाला घालवायची?"

ते शेवटचं वाक्य तिला नीटसं समजलं नाही. घरी आल्यावर कपडे बदलताना मात्र आठवलं, आणि तिने काचणारा ब्लाउज उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. काखेखालची शिवण करंगळीभर आत घेतलेली होती, आणि टाका असा सरळ होता, जसा साऱ्या गावात एकाच माणसाला जमे.