मोटर जळल्याचा निर्वाळा

बटण दाबलं की करवतीची मोटर नुसती घुमायची, पातं जागचं हलायचं नाही. दुरुस्तीला आलेल्या मोटरवालीनं लगेच बटण बंद केलं, प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"आतलं तारेचं वाइंडिंग गेलं असणार," बाकावर बसलेले सुतारकाका म्हणाले. "तो कपॅसिटरचा डबा उघडत बसू नकोस. मागच्याच वर्षी नवा घातलाय."

तिनं मान डोलावली. सकाळी काकांनीच फोन करून तिला बोलावलं होतं. ती हे काम वडिलांच्या हाताखाली शिकली आणि काका वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं, तपासायचं मात्र सगळं, ही वडिलांची शिस्त. दुसरी त्याहून कडक होती: जिवंत मोटरीला मेलेली म्हणायचं नाही. त्या एका शब्दावर त्यांचं दुकान उभं होतं.

तिनं पट्टा उतरवला. पुली हातानं फिरवली, ती लोण्यासारखी फिरली. म्हणजे बेअरिंग ठीक. मीटर लावून पाहिलं तर वाइंडिंगही शाबूत. काका चष्मा पुसत एकेक विचारत होते. जळका वास येतोय का, नवी तार भरायला किती दिवस लागतील, एवढ्या जुन्या मोटरीला ते सोसेल का. या मशीनमध्ये त्यांचा जीव किती अडकलाय ते तिला ठाऊक होतं. काकू तर त्याला थट्टेनं सवतच म्हणायच्या.

काका पाणी प्यायला आत गेले तशी तिनं डबा उघडला. मोटरीला सुरुवातीचा झटका देणाऱ्या कपॅसिटरची एक वायर सुटलेली होती. सुटलेली कसली, काढलेली. टोकाला काळी टेप घट्ट गुंडाळली होती. वायर आपणहून निखळते, पण आपणहून टेप गुंडाळून घेत नाही.

ती वर बघते तो दारात काकू.

"सापडलं का गं काही?"

"सापडलं. दोन मिनिटांचं काम आहे."

काकूंचा चेहरा उतरला. जवळ येऊन त्यांनी हलक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. काकांना आता पेन्सिलीची रेघ धड दिसत नाही. महिन्याभरात दोनदा बोट पात्याखाली जाता जाता वाचलं, एकदा नखावर निभावलं. पुरे आता म्हटलं की दोन दिवस अबोला धरतात. मशीन सुरू झालं की काकू चुलीवरचं सोडून नुसत्या उभ्या राहतात, ते बंद होईपर्यंत.

"मोटर जळली म्हणून सांग. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

"ही वायर तुम्ही काढलीत?"

"मला त्यातलं काय कळतंय, बाई?" काकांची चाहूल लागली तशा काकू घाईनं आत गेल्या.

मोटरवाली वायरीचं टोक बोटांत धरून उभी राहिली. एक स्क्रू आवळला की मशीन सुरू. वडील असते तर त्यांनी आवळलाच असता. तेवढ्यात काका आले आणि बाकाचा काठ हातानं चाचपून बसले.

तिनं डबा बंद केला.

"काका, जळलीय. तार भरूनही उपयोग नाही." बोलताना तिनं नजर पेचकसावरून हलवली नाही.

काका उठले. त्यांनी टेबलावरचा भुसा तळव्यानं झाडला, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. आतून काकूंनी नाक ओढल्याचा आवाज आला. मोटरवालीला वाटलं, हत्यारं इथंच टाकून पळून जावं.

निघताना काका तिला सोडायला रस्त्याच्या वळणापर्यंत आले. एवढ्या वर्षांचा विश्वास आपण आज मोडला, हे तिला साहवेना. ती तोंड उघडणार तोच काकांनी मागं वळून दार लोटलेलं आहे ना ते पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"खोटं बोललीस ते बरं केलंस, पोरी. वायर मीच काढली होती. तुझ्या काकूला मात्र कळू देऊ नकोस, मी हात टेकले म्हटलं तर तिला फार लागेल."