सात मिनिटं

पांढऱ्या मोहऱ्यांमागे बसलेल्या दोन वेण्यांवालीने उंटापुढचं प्यादं दोन घरं सारलं. काळ्या मोहऱ्यांमागे बसलेल्या बिट्टीनेही तेच केलं. तिने घोडा काढला, हिने घोडा काढला. तिने कडेच्या बाजूने उंट तिरपा रोखला, तर हिनेही रोखला. चौदा वर्षांखालच्या मुलींची शेवटची फेरी. नुसती बरोबरी झाली तरी करंडक बिट्टीचा होता. सरांनी बजावून पाठवलं होतं, "जास्त शहाणपणा नको. तिची री ओढत राहा."

बाराव्या चालीला मात्र घोडं अडलं. वेण्यांवालीने पाऊण तास डोकं लढवून आपला घोडा थेट पुढे घुसवला. आता नक्कल केली तर वजीर जातो, हे बिट्टीला दिसलं. दुसरं काय खेळावं ते काही दिसेना. करंडक हातचा चालला होता.

तेवढ्यात तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. चाल सापडल्याच्या आनंदात वेण्यांवाली घड्याळाची कळ दाबायचीच विसरली होती. पळत होता तिचाच वेळ. उरली होती सात मिनिटं. ती संपली की डाव बिट्टीचा.

सांगायचं बंधन नव्हतं. पंचबाई येऊन घड्याळ बघून गेल्या, त्याही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायचं नसतंच. बिट्टी गालाला एक हात लावून मूग गिळून बसली. समोरची पाणी प्यायली, पटात मान घालून पुढच्या चाली मोजत राहिली. बघ गं एकदा वर, असं बिट्टीला वाटलं. लगेच वाटलं, नको बघूस.

पंचबाईंनी घड्याळ थांबवलं. "पांढऱ्याचा वेळ संपला."

वेण्यांवालीला आधी कळेचना. मग तिचे कान लाल झाले.

"तुला दिसत होतं?"

"नाही गं. मी चाल शोधत होते."

"जाऊ दे. चूक माझीच." तिने हात मिळवला, तोही नीट.

सह्यांसाठी दोघींनी चालींचे कागद बदलले. समोरच्याचा उरलेला वेळ टिपून ठेवायची सवय बिट्टीला सरांनीच लावलेली. हात आपोआप चालायचा. तिच्या कागदावर बाराव्या चालीशेजारी बारीक अक्षरात आकडे होते : ७, ५, ३, १.

वेण्यांवालीने ते वाचले. पुन्हा एकदा वाचले.

"मिनिटं बरोबर टिपलीस," ती म्हणाली आणि खाली सही केली.