कढीपत्त्याला पाणी

कानामागे मणी चिकटवून मृणालने मिश्रीची डबी उघडली. हिरडीवर बोट फिरवणार, तोच कानात आईचा आवाज आला, "सुमे, आधी कढीपत्त्याला पाणी घाल. मग लाव हवी तर."

मिश्री सोडायची म्हणून आईने हा मणी घेतला होता. डोकं शांत असताना तिने स्वतःलाच, 'सुमे' अशी हाक मारून, घातलेली समजूत त्यात साठवलेली होती, आणि तलफ उठली की मणी तेवढीच ऐकवायचा. आई गेल्यावर मृणालने तो लावून पाहिला. पण तलफ नसलेल्या माणसाशी मणी बोलेना. म्हणून जन्मात न शिवलेली मिश्री तिने लावायला घेतली.

"सासूबाईंनी सोडलं आणि तू धरलंस," तिचा नवरा केदार चहा गाळता गाळता म्हणाला. "त्या असत्या तर लाटणं घेऊन धावल्या असत्या."

"तेच तर ऐकायचंय रे मला."

मृणालला सगळं कळत होतं. आईचं ऐकलं की तलफ विरणार, आणि तलफ विरली की आई गप्प होणार. तरी ती रोज बोट पुसून गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला जायची. आईचा शब्द मोडणं तिला कधी जमलंच नव्हतं.

एका सकाळी डबी उघडली, तर नुसता उग्र वास आला. ती थांबून राहिली. मणी बोलला नाही, आणि बोटही पुढे झालं नाही.

"काय म्हणाल्या?" केदारने विचारलं.

"काही नाही," डबी मिटत ती हसली आणि तिने तांब्या भरून घेतला. "कढीपत्त्याला पाणी घालायचं राहिलंय."