विसाव्या लेव्हलचा ड्रॅगन

फाशावर वीस आला आणि प्लंबरचा चेहरा पडला. वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस पडणं म्हणजे ड्रॅगनचं मुंडकंच धडावेगळं. एरवी हा माणूस टेबलावर चढून नाचला असता. आज त्याने झटकन फाशावर पंजा ठेवला.

“तिरका पडला. धरू नका, डॉक्टर.”

“सपाट टेबलावर तिरका?” दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“माझ्या डोळ्यांदेखत तिरका होता,” शिंपीकाका म्हणाले. या काकांना समोरच्या भिंतीवरचं घड्याळही धड दिसत नव्हतं.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी दुपारी हा डाव बसायचा. डॉक्टरीणबाईंनी गोष्ट सांगायची, त्यातले राक्षस-बिक्षस सगळे त्यांनीच चालवायचे, आणि बाकी तिघांनी आपापलं पात्र घेऊन लढायचं. प्लंबर योद्धा, शिंपीकाका जादूगार आणि डॉक्टरीणबाईंची धाकटी नणंद चोर. लढाई जिंकली की अनुभवाचे गुण, गुण साठले की पुढची लेव्हल. या टेबलाचा एक खास नियम होता: जो जिंकेल त्याला गुण, मग तो आपला असो की शत्रू. मागे एका फुटकळ पाकीटमाराने या तिघांना इतक्यांदा लुटलं, की पुढे तो त्यांना नगराध्यक्ष होऊनच भेटला. कुणी हूं की चूं केलं नाही. नियम म्हणजे नियम.

पुस्तकातला तक्ता मात्र विसाव्या लेव्हलला संपत होता. तिघेही एकोणिसाव्यावर येऊन ठेपले होते. समोर शेवटचा ड्रॅगन, तो विसाव्यावरचा. दातांचे साचे करायच्या प्लास्टरमधून डॉक्टरीणबाईंनी तो स्वतः घडवला होता. पंख जरा लुळे होते, पण जबडा अक्कलदाढांसकट चोख. त्याला मारलं की तिघे विसावर आणि खेळ खलास.

आणि तो काही केल्या मरेना! गेले कित्येक रविवार नुसता सावळागोंधळ. योद्धा ऐन लढाईत बुटाची नाडी बांधायला बसायचा. जादूगार मंत्र विसरायचा. चोर नणंदबाई मांजराच्या पावलांनी ड्रॅगनच्या मागे जायच्या आणि तिथे सणसणीत शिंकायच्या. तिघे मार खाऊन पळायचे, वर खिदळत बसायचे.

डॉक्टरीणबाईंच्या मनाला ते लागलं होतं. यांना कंटाळा आलाय, केवळ माझं मन राखायला येतात, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. नवरा गेल्यापासून आठवड्यातला हा एकच दिवस त्यांना दिवसासारखा वाटायचा. हा दिवसही गेला तर आपलं कसं व्हायचं, या धास्तीने त्यांनी एक उद्योग करून ठेवला होता. पुस्तकातला तक्ता स्वतःच पुढे ओढत थेट शंभराव्या लेव्हलपर्यंत नेला होता. पण कंटाळलेल्या माणसांपुढे तो कोणत्या तोंडाने ठेवायचा? बिचारा कवळ्यांच्या खणात पडून होता.

तिरक्या फाशाने मात्र आज कहर केला.

“पुरे झालं,” त्या म्हणाल्या. “खेळायचं नसेल तर सरळ सांगा. ड्रॅगन म्हातारपणाने मेला, असं जाहीर करते. गुण तुमचे. तुम्ही सुटलात, मी सुटले.”

“अहो, नको!” तिघेही एकदम ओरडले. प्लंबरने तर ड्रॅगनला उचलून पोटाशीच धरलं.

“वहिनी, तुला कळत कसं नाही गं?” नणंदेचा आवाज चढला. “हा मेला की आम्ही विसावर, आणि विसावर गेलो की खेळ संपला. तूच सांगितलंयस ना? मग रविवारी आम्ही जायचं कुठे? काका तर शनिवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवतात.”

“ते सांगायची काही गरज नव्हती,” काका पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंना भरून आलं. पाठोपाठ रागही आला. एवढी घोडी झालेली माणसं, तोंडाने बोलायला काय झालं होतं? मग आपण तरी कुठे बोललो, हे आठवून त्या निमूट उठल्या आणि कवळ्या बाजूला सारून तक्ता घेऊन आल्या.

तिघे त्यावर तुटून पडले.

“शंभराव्या लेव्हलला पोचेपर्यंत मला एकशेचाळीसावं लागेल,” काकांनी बोटांवर हिशेब केला. “चालेल. घाई कुणाला आहे?”

प्लंबरने ड्रॅगन परत टेबलावर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. “आता याची काही खैर नाही! डॉक्टर, तक्ता लागू करा. आजपासून नको, मागच्या सगळ्या रविवारांपासून. जे गुण द्यायचे राहिले असतील ते ज्याचे त्याला देऊन टाका. आणि माझा तो वीस पण धरा. सरळ पडला होता, काकांची शपथ!”

“माझी का?” काका म्हणाले.

“मागच्या सगळ्या लढायांचे गुण?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

“सगळ्या! अगदी इमानदारीत.”

त्या पेन्सिल घेऊन बसल्या. बराच वेळ मोजत राहिल्या. मोजता मोजता त्यांना हसू आवरेना.

“तुम्हाला भोपळा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळ्याच्या सगळ्या हरलात. पण जिंकणाऱ्याचे पुष्कळ साठलेत. पुस्तकात पुढे जागाच नव्हती, म्हणून इतके दिवस अडकून पडला होता बिचारा. आता एकतिसाव्या लेव्हलला गेला.”

तिघांनी सावकाश माना वळवल्या. ड्रॅगन अक्कलदाढांसकट हसत होता.

“आणि तुमचा वीस धरलाय बरं का,” डॉक्टरीणबाई प्लंबरला म्हणाल्या. “त्याला गुदगुल्या झाल्या.”