जेवण कॅन्सल झालं

तिसऱ्या पत्रातही बँकेने तेच लिहिलं होतं : सेवा ग्राहकाने रद्द केली, सबब डिपॉझिट परत करता येणार नाही.

"मी कुठे रद्द केली?" सोजरबाई म्हणाल्या. "तो केटरिंगवाला अजित धंदा बंद करून मोकळा झाला. विहारातली जयंती पाच दिवसांवर होती."

मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर पत्रं, पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट पसरलं होतं. समोर नीलिमा बसली होती. सोजरबाईंची सून मानसी घरूनच काम करत होती. दोन मीटिंगांमधली वीस मिनिटं काढून ती उभ्याउभ्याच ऐकत होती.

दोघी नीलिमाला आज पहिल्यांदा भेटत होत्या. मेलबर्नच्या मराठी ग्रुपवर तिचा मेसेज आला होता. बंद पडलेल्या 'साजूक पंगत' या केटरिंग कंपनीकडे ज्यांनी कार्डाने डिपॉझिट भरलं त्यांना ते परत मिळू शकतं, फॉर्म भरायला मदत करीन, फी नाही. ती बसने आली होती.

"फोनवर नेमकं काय बोललात, मावशी?"

"पन्नास मिनिटं ते पिपाणीचं गाणं ऐकलं. मग एक मुलगी आली. तिने दुभाष्या दिला, हिंदीवाला. मी म्हटलं, खाना कॅन्सल हो गया."

नीलिमाने पेन खाली ठेवलं. "आणि त्याने इंग्रजीत काय सांगितलं?"

उत्तर मानसीने दिलं. "शी कॅन्सल्ड द फूड. मी शेजारीच होते. आय डिडन्ट इव्हन नोटिस."

"आपल्याकडे कॅन्सल आपोआप होतं," नीलिमा म्हणाली. "बस कॅन्सल होते, लग्न कॅन्सल होतं. बँकेच्या फॉर्मला कर्ता लागतो. तुम्ही दिला नाहीत, त्यांनी तुम्हालाच घातलं."

"मग नंतरची दोन पत्रं?"

"त्यांनी पहिल्याच फोनची नोंद पुढे उतरवून घेतली. नव्याने कोणी वाचलंच नाही."

"म्हणजे एका शब्दापायी दोन महिने," मानसी म्हणाली आणि लॅपटॉप उचलून आत गेली. तिची मीटिंग सुरू झाली होती.

सोजरबाई पावतीकडे बघत राहिल्या. बत्तीसशे डॉलर. बावीस घरांची वर्गणी रोख जमा झाली होती. त्यांनी डिपॉझिट स्वतःच्या कार्डाने भरलं आणि वर्गणीतून कार्डाचं बिल चुकतं केलं. जयंतीच्या दिवशी दीडशे माणसं हॉलमध्ये बसली होती आणि अनुप, त्यांचा मुलगा, दुकानादुकानांतून ब्रेड गोळा करत फिरत होता.

"विहारात कोणी काही विचारत नाही बघ," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी गेले की नुसत्या सरकून जागा करून देतात. तिकडे भारतात तीस वर्षं मी मंडळाचे पैसे सांभाळले."

नीलिमाने नवा फॉर्म पुढे ओढला. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं : सेवा मिळाली नाही, पुरवठादार दिवाळखोरीत. मग पिशवीतून लिक्विडेटरच्या, म्हणजे बुडालेली कंपनी गुंडाळायला नेमलेल्या माणसाच्या, पत्राची प्रत काढून जोडली. दावा करायच्या मुदतीला नऊ दिवस उरले होते.

"आता फोन आला तर कॅन्सल हा शब्दच काढू नका. मराठी दुभाष्या मागा. नसेल तर थांबा."

"बरं. पण पैसे देणार कोण? तो तर बुडाला."

"तुमची बँक त्याच्या बँकेकडून ओढून घेते. याला चार्जबॅक म्हणतात."

"आणि त्याच्या बँकेचे?"

"ज्याच्याकडून निघतील त्याच्याकडून ती काढते."

"त्या अजितकडून काढ म्हणावं. गोड बोलून ऑर्डर घेतली मेल्याने. लाज नाही."

"अजित नोकर होता, मावशी. त्याचाही चार महिन्यांचा पगार अडकलाय."

"तुला काय माहीत?"

"लिक्विडेटरच्या यादीत आहे." तिने सहीची जागा दाखवली. "इथे. कार्डावर आहे तशीच सही करा."

सोजरबाईंनी सावकाश सही केली. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुझेही बुडाले का गं यात?"

"हो."

"कार्डाने भरले होतेस?"

"नाही."

"मग तुझं कसं व्हायचं?"

"माझं नाही होत यातून."

"आणि लोकांचं करत फिरतेस. मंडळात तुझ्यासारखी एक असती तर." त्यांनी तिला चिवड्याचा डबा दिला. नीलिमाने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला.

फॉर्म त्याच दिवशी पाठवला. पुढचे अठरा दिवस बँकेने काहीच कळवलं नाही. मानसीने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा खातेदाराशिवाय बोलता येणार नाही असं सांगून त्यांनी तो ठेवून दिला. एकोणिसाव्या दिवशी सोजरबाईंना फोन आला. त्यांनी मराठी दुभाष्या मागितला, पस्तीस मिनिटं थांबल्या आणि एकेक वाक्य दोनदा सांगितलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी पैसे कार्डावर जमा झाले. त्यांनी आधी नीलिमाला फोन लावला.

"आले गं. पूर्ण आले. रविवारी विहारात ये. बावीस जणींच्या हातात एकेक पाकीट देणार आहे, सगळ्यांसमोर. तुझं नाव घेणार आहे."

"नाव नका घेऊ, मावशी."

"का गं? चांगल्या कामाला कसली लाज?"

"रविवारी मला नाही जमणार," नीलिमा म्हणाली. "पण बरं वाटलं. खरंच."

फोन ठेवून तिने सकाळी आलेला तिच्या बँकेचा ईमेल उघडला.

'साजूक पंगतविरुद्धचा अकरावा दावा मंजूर झाला आहे. कंपनीच्या एकमेव संचालक म्हणून आपण दिलेल्या वैयक्तिक हमीनुसार ही रक्कमही आपल्या राहत्या घराच्या विक्रीतून वसूल केली जाईल.'